आधी आडनाव

इंदूरमध्ये भाड्याचं घर बघायला गेलं की घरमालकांचे प्रश्न ठरलेल्या क्रमाने येतात. फॅमिली है? सर्विस कहां? खाना-पीना? आणि पाण्याचा ग्लास पुढे करता करता शेवटचा: "वैसे, आप लोग कौन हैं?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून काही जण किल्ल्या आणायला आत जातात, काही जण "इनसे पूछके बताती हूं" म्हणतात आणि पुन्हा फोन उचलत नाहीत. केंद्र सरकारच्या लेखा खात्यात असल्यामुळे बदल्या मला नवीन नाहीत. पण हा प्रश्न काय करतो ते मी इंदूरला जितक्या जवळून पाहिलं तितकं आधी कुठे पाहिलं नव्हतं. इथे त्याने मला घर मिळवून दिलं, आणि माझ्या मागोमाग रुजू झालेल्या एका सहकाऱ्याला त्याच प्रश्नाने अख्खा मे महिना दारोदार फिरवलं.

आम्ही 2024च्या मे महिन्यात गुवाहाटीहून आलो. बदलीच्या नियमांत जॉइनिंग टाइमची सोय असते: नव्या ठिकाणाचं अंतर 1000 किलोमीटरपर्यंत असेल तर 10 दिवस, त्यापुढे 12, आणि 2000च्या वर गेलं तर 15. नियम 1979चे आहेत. सामान बांधणं आणि प्रवास एवढं त्यात बसतं, घर शोधणं बसत नाही. एकट्या माणसाचं निभावतं. त्याने कुठेतरी खोली घ्यावी, बिऱ्हाड मागून आणावं. आमच्या घरी आठवीत जाणारी मुलगी, पहिलीतला मुलगा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई आणि घरूनच काम करणारा नवरा. नवऱ्याला काम चालू ठेवायला टेबल आणि इंटरनेट हवं, सासूबाईंना जिना नको, मुलांना शाळा. म्हणून सगळेच एकदम निघालो. कामाख्याहून सुटणारी साप्ताहिक गाडी इंदूरवरून पुढे डॉ. आंबेडकर नगरला, म्हणजे महूला, जाऊन थांबते. डब्याच्या पाटीवरचं ते नाव मुलाने वाटेत किती वेळा मोठ्याने वाचलं असेल. ती पाटी पुढे माझ्या डोक्यात वेगळ्या कारणाने राहिली.

खात्याच्या गेस्ट हाउसमध्ये एक खोली मिळाली होती, तीही मोजक्या दिवसांची. सामानाचा ट्रक आमच्या मागोमाग पोचला. पोचला म्हणजे शहराबाहेरच्या गोदामात, कारण उतरवायला पत्ताच नव्हता. गोदामाचं भाडं दिवसावर. रोज सकाळी त्या माणसाचा फोन: "मॅडम, एड्रेस हो गया क्या?" पत्ता. त्या महिन्यात सगळं या एका गोष्टीपाशी येऊन अडत होतं. गॅसचं कनेक्शन ट्रान्सफर करायचं तर पत्त्याचा पुरावा हवा. आधारवरचा पत्ता बदलायचा तर किरायानामा हवा. केंद्रीय विद्यालयात बदलीवाल्यांच्या मुलांना प्राधान्य असतं, गेल्या सात वर्षांत किती बदल्या झाल्या यावर क्रम लागतो, त्यामुळे प्रवेशाची आशा होती. पण फॉर्मवर राहण्याच्या पत्त्याचा रकाना होताच. आणि घरमालकाला आधी आमची सगळी कागदपत्रं हवीत, तीही शक्यतो इंदूरच्या पत्त्याची. या चक्रातून सुटायचं तर कुणीतरी कागदाशिवाय आपल्यावर विश्वास टाकावा लागतो. तो कोण टाकतं आणि कुणावर टाकतं, हाच माझ्या सांगण्याचा विषय आहे.

आधी शहराविषयी थोडं सांगायला हवं, कारण इंदूरमध्ये घर बघणं ही एक वेगळी विद्या आहे. इथे इमारतीला कुणी बिल्डिंग म्हणत नाही, अपार्टमेंट तर फक्त पाटीवर, बोलताना 'मल्टी'. "मल्टी में चलेगा कि इंडिपेंडेंट चाहिए?" हा दलालाचा पहिला प्रश्न. इंडिपेंडेंट म्हणजे बंगलीचा एक मजला, खाली मालक, वर आपण. दलाली अर्ध्या महिन्यापासून पूर्ण महिन्याच्या भाड्यापर्यंत, अनामत बहुतेक ठिकाणी एक-दोन महिन्यांची. मुंबई-बंगळूरच्या मानाने हे सोसण्यासारखं आहे. आम्हाला घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या 20 टक्के, कारण इंदूर 'वाय' वर्गातलं शहर. पैशांनी आमची अडवणूक केली असं म्हणता येणार नाही. अडवणूक केली ती वेळेने. मे-जून हा बदल्यांचा मोसम, तोच शाळांचा, आणि त्याच सुमाराला भंवरकुआंच्या बाजूला शिकवण्यांसाठी माळव्यातून आणि निमाडातून मुलं येऊ लागतात. राज्य लोकसेवा आयोगाचं मुख्यालय इंदूरला, त्यामुळे ती सगळी गर्दी इथेच. त्या भागातल्या मालकांनी चांगल्या दोन खोल्यांत लाकडी पार्टिशन घालून चार केल्या आहेत. एका कुटुंबाकडून मिळेल त्यापेक्षा खाटेमागे घेतलेलं भाडं जास्त होतं, मग कुटुंबाला घर कोण देणार?

आणि पाणी. दुसऱ्या शहरातून आलेला माणूस बेडरूम बघतो, बाल्कनी बघतो. इंदूरचा माणूस विचारतो, "नर्मदा है?" नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून आणलेलं आहे. 1978मध्ये ते शहरात आलं, त्यासाठी लोकांनी मोठं आंदोलन केलं होतं, आणि अजूनही म्हातारी माणसं त्याविषयी घरातल्या लग्नासारखं सांगतात. ते येतं दिवसाआड. ज्या घरात हौद मोठा तिथे सुख, बाकीच्यांकडे बोरिंग. मी घर बघायला जाई तेव्हा सरळ बाथरूमच्या टाइल्स बघत असे. नळाखाली पांढरा, खरखरीत थर दिसला की समजायचं, इथे नर्मदा नावापुरती आहे आणि बारा महिने बोरिंगचं पाणी चालतं. एका घरात मालकीणबाई "पानी की कोई दिक्कत नहीं" म्हणत असताना सासूबाईंनी काठीच्या टोकाने हौदाचं झाकण सरकवलं. तळाशी वीतभर पाणी आणि त्यात एक प्लास्टिकचा मग. त्या घराविषयी पुढे बोलणं झालं नाही.

घरमालकांची बाजू मला कळत नाही असं नाही. नंदानगरमध्ये, म्हणजे गुलझारीलाल नंदांच्या नावाच्या कामगार वसाहतीत, एका घरी गेलो होतो. मालक हुकुमचंद मिलचे जुने कामगार. मिल डिसेंबर 1991मध्ये बंद पडली. कामगारांची थकलेली देणी, सुमारे 224 कोटी रुपये, हातात यायला डिसेंबर 2023 उजाडला. तोवर कितीतरी कामगार वारले होते. या गृहस्थांनी मधली सगळी वर्षं घराच्या वरच्या मजल्याच्या भाड्यावर काढली. त्यांच्यासाठी भाडेकरू म्हणजे पेन्शन. एकदा एका भाडेकरूने भाडं बंद केलं आणि जागाही सोडेना. मध्य प्रदेशात स्थान नियंत्रण अधिनियम 1961चा आहे, त्यात दिलेल्या कारणांशिवाय भाडेकरूला काढता येत नाही, आणि कारण असलं तरी कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं. त्यांनी बायकोचे दागिने मोडून तडजोड केली, त्या माणसाला पैसे देऊन घर रिकामं करून घेतलं. तेव्हापासून ते प्रत्येक भाडेकरूच्या गावचा पत्ता, सासरचा पत्ता, ऑफिसच्या साहेबाचा नंबर मागतात. मागू देत. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावी लागते, दिली नाही तर गुन्हा मालकावर येतो. मलाही माझं घर द्यायचं असतं तर मी चार ठिकाणी चौकशी केली असती. त्यांचा जिना फार उभा होता, सासूबाईंना झेपण्यासारखा नव्हता, म्हणून ते घर राहिलं. एरवी त्यांनी आम्हाला दिलं असतं. त्यांनी माझं ओळखपत्र चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं, पगार विचारला, नवऱ्याला "दारू?" असंही थेट विचारलं. आडनावावरून पुढचं काही त्यांनी विचारलं नाही.

किरायानाम्याविषयीही सांगते, कारण महाराष्ट्रातून गेलेल्याला तिथे थोडं गोंधळायला होतं. आपल्याकडे 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. पुण्यात एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो आणि काम होतं. इंदूरमध्ये सर्रास 11 महिन्यांचा कागद, स्टॅम्पवर टाइप केलेला, नोटरीचा शिक्का मारलेला. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल तरच 1908च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदणी सक्तीची होते, म्हणून अकरा. या कागदाचं वजन कोर्टात किती, हा प्रश्न वेगळा. पण त्याने गॅस मिळतो, आधार बदलतं आणि शाळेचा फॉर्म भरता येतो. त्या दिवसांत मला त्याहून जास्त काही नको होतं.

घर मिळालं ते मात्र दलालाकडून नाही, पाटी वाचूनही नाही.

इंदूर हे मराठी माणसाला परकं वाटू नये असं शहर आहे. 1818च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांनी राजधानी इथे आणली आणि दरबाराच्या चाकरीसाठी दक्षिणेतून कारकून, वैद्य, भिक्षुक, शिक्षक येत राहिले. त्यांचे वाडे राजवाड्याच्या आसपास, मग रामबाग, नारायण बाग, पुढे लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर. इथे महाराष्ट्र साहित्य सभा आहे, सानंद या संस्थेच्या नाटकांना सभासदांनी सभागृहं भरतात, 2001चं साहित्य संमेलन विजया राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली इथे झालं होतं. भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करून त्याच श्वासात सुनेला मराठीत हाक मारणाऱ्या बायका इथे गल्लोगल्ली दिसतात. माझ्या मावससासऱ्यांची कुणी ओळख, त्या ओळखीच्या भिशीतल्या एक बाई, असं करत एक नंबर माझ्यापर्यंत आला. पश्चिम इंदूरमधली जुनी मराठी वस्ती, तळमजला मोकळा, वर आजी राहतात, मुलगा अमेरिकेत.

आजींनी दार उघडलं आणि चपला काढायच्या आत विचारलं, "तुम्ही कुठच्या?" मी सातारा म्हटलं. "आडनाव?" सांगितलं. माझं आडनाव ऐकलं की मराठी माणसाला जात लगेच कळते, आणि त्या घरात ती चालणारी होती. मग माहेरचं आडनाव. मग सासूबाईंचं माहेर. दहा मिनिटांत त्यांनी त्यांच्या नणंदेच्या दिराशी आमचं काहीतरी नातं जुळवलं आणि सासूबाईंना हाताला धरून आत नेलं. ओळखपत्र बघितलं नाही. पगार विचारला नाही. अनामत "द्या सावकाश". घराला नर्मदा होती, मोठा हौद होता, मागे कडुनिंब होता, आम्हाला जिना चढायचा नव्हता. गोदामातून सामान दुसऱ्या दिवशी लोडिंग रिक्षांनी आलं. संध्याकाळी आजींनी वरून पोहे आणि जिरावणाची बाटली पाठवली, आणि सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं की ओला, सुका आणि बाकीचा कचरा कुठल्या खणात टाकायचा हे स्वतः फाटकाशी उभं राहून मुलीला शिकवलं. गुवाहाटी सोडल्यापासून त्या रात्री सासूबाई पहिल्यांदा नीट झोपल्या. हे सगळं मी मनापासून कृतज्ञतेने सांगते आहे, आणि पुढचं सांगतानाही ती कृतज्ञता कमी झालेली नाही.

आमच्या ऑफिसात माझ्या मागोमाग विशाखापट्टणमहून एक सहकारी रुजू झाले. मूळचे नागपूरचे. बायको शिक्षिका, दोन लहान मुलं. हुद्दा माझ्याहून एक पायरी वरचा, पगार अर्थातच जास्त, बोलणं इतकं शांत की समोरचा आपोआप आवाज खाली आणतो. मी त्यांना उत्साहाने सांगितलं की आमच्या आजींच्या पुतणीचं घर त्याच गल्लीत रिकामं आहे, मराठी कुटुंबच हवं आहे, आजच बोलते. ते जरा थांबले आणि म्हणाले, "माझं आडनाव आधीच सांगून ठेवा." मला वाटलं नात्यागोत्याची जुळवाजुळव होईल म्हणून म्हणतायत. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं.

मी आजींना सांगितलं. नागपूरचे आहेत, मराठी आहेत, आमच्याच खात्यात आहेत, यावर आजींचा चेहरा खुलत गेला. आडनाव सांगितलं. आजींनी हातातली वात वळणं थांबवलं नाही. "बघू," म्हणाल्या. "तिचं काय आहे, ती जरा दिवाळीपर्यंत थांबणार होती बहुतेक." पुतणीचं घर जुलैत दुसऱ्या कुटुंबाला गेलं, मराठीच.

नंतर कळलं की सहकाऱ्यांनी मे महिन्यात इंदूरच्या उन्हात स्कूटरवरून फिरून किती घरं पाहिली. हिंदी घरमालकांना नागपूरचं आडनाव कळत नसे, ते सरळच विचारत. एका ठिकाणी टोकन दिलं गेलं, आणि संध्याकाळी घरातलं लग्न निघाल्याचं कारण सांगून ते परत आलं. मराठी वस्त्यांत विचारण्याची गरजच पडत नव्हती. मग त्यांनी एक पद्धत बसवून टाकली. फोन लागला की नमस्कारानंतर पहिलं वाक्य आडनावाचं. "पलीकडे गप्प झाले तर कळतं. पेट्रोल वाचतं," असं त्यांनी मला ट्रेझरीच्या फायलीवर सही करता करता सांगितलं आणि पुढची फाइल ओढली. राग नव्हता त्या आवाजात. सरावाने सांगितल्यासारखं होतं, आणि मला तेच सहन झालं नाही. वीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला या गोष्टीचा सराव असावा!

त्यांची मुलं आणि बायको तोवर नागपूरला थांबली होती. शाळा सुरू झाल्या तरी ती तिथेच होती.

एका रविवारी ते महूला निघाले तेव्हा आम्हीही त्यांच्याबरोबर गेलो. इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटर. मुलाला त्याच्या गाडीचं शेवटचं स्टेशन बघायचंच होतं. महूच्या काली पलटण भागात 14 एप्रिल 1891 रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला, तिथे आता भीम जन्मभूमीचं स्मारक आहे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार, लष्करी शाळेत शिकवायचे. म्हणजे नोकरीने जिथे नेलं तिथे बिऱ्हाड नेणारं हेही एक कुटुंब. मूळ गाव कोकणातलं आंबडवे, मूल जन्मलं माळव्यात, पुढे दापोली, मग सातारा. मी साताऱ्याची, माझ्या मुलीला हा धागा माहीत होता. मला जे माहीत होतं आणि तिथे उभं असताना फार जवळचं वाटलं ते मात्र बडोद्याचं होतं.

1917मध्ये कोलंबिया आणि लंडन इथलं शिक्षण घेऊन आलेले आंबेडकर बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी ते सविस्तर लिहून ठेवलं आहे. हिंदू खानावळीत जाता येईना, म्हणून पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. वरच्या मजल्यावरच्या खोलीत ते एकटे, दिवसा कचेरी, रात्री कंदिलाच्या उजेडात वाचन. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात येऊन उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत चालतं व्हायला सांगून गेले. दोन मित्रांकडे विचारून पाहिलं. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर आमचे नोकर जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको येऊ दे, तिला विचारतो. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले. नोकरी संस्थानाची होती, विद्वत्तेची शंका कुणालाच नव्हती, पगार मिळणार होता. फक्त राहायला जागा नव्हती, आणि तेवढ्यावर ती नोकरी गेली.

"बायकोला विचारतो" आणि "इनसे पूछके बताती हूं" यांत शंभरहून जास्त वर्षं गेली आहेत. आता काठ्या घेऊन कुणी येत नाही. "दिवाळीपर्यंत थांबणार होती" असं म्हणतात, आणि ते इतकं गोड म्हणतात की ज्याला नकार मिळाला त्याच्याकडे तक्रारीला धरता येईल असं एक वाक्यसुद्धा उरत नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत याची पद्धतशीर तपासणी केली होती. सवर्ण, दलित आणि मुस्लिम नावांनी त्याच जाहिरातींवर फोन करून, प्रत्यक्ष जाऊन. 2015मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत ती छापली गेली. सवर्ण नावांना फोनवर नकार मिळाला नाही. दलितांना मिळाला, मुस्लिमांना त्याहून जास्त मिळाला. आकडे दिल्लीचे असले तरी त्यातल्या सबबी वाचताना मला आमच्या गल्लीतले आवाज ऐकू येत होते.

मी आजींशी बोलले. टाळून चालणार नव्हतं. त्यांच्याच घरात राहून, त्यांनी केलेल्या गुळांब्याची बरणी स्वयंपाकघरात असताना बोलणं जड गेलं, पण बोलले. म्हटलं, तुम्ही आमचा पगारसुद्धा विचारला नाही, आणि त्यांचा पगार, हुद्दा, गाव सगळं मी सांगूनही चाललं नाही, हे मला पटलेलं नाही. आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला काही नाही गं. पण पुतणीच्या सासूचं सोवळं, आजूबाजूचे लोक..." प्रत्येक जण दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर नकार देतो. नोकर, बायको, सासू, शेजारी. ज्याचा खरोखरच विरोध आहे असा माणूस कधी समोर येतच नाही. मुलाला डेंग्यू झाला तेव्हा याच आजी दोन रात्री माझ्याबरोबर हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या होत्या. त्या वाईट आहेत असं मला म्हणता येत नाही, आणि त्यांनी केलं ते क्षुल्लक होतं असंही म्हणणार नाही.

सहकाऱ्यांना शेवटी घर मिळालं ते बायपासच्या बाजूच्या एका मल्टीत. मालक सिंगापूरला, व्यवहार सगळा फोनवरून. त्यांनी पगाराची स्लिप मागितली, दोन महिन्यांची अनामत घेतली, किरायानाम्याचा मसुदा पाठवला. आडनाव करारात टाइप करण्यापुरतं विचारलं. ऑफिसपासून लांब आहे, नर्मदा नाही, बोरिंगच्या पाण्याने मुलांचे केस राठ झाले म्हणून त्यांच्या पत्नी तक्रार करतात. पण दाराला त्यांच्या नावाची पाटी आहे, आणि तिच्यावर आडनाव पूर्ण लिहिलेलं आहे.

आमच्या ऑफिसात घरं हातोहात जातात. बदली होऊन जाणारा आपलं घर येणाऱ्याला सुचवतो, मालकाला शब्द देतो, आणि बहुतेकांचं काम भागतं. त्या ओळखीच्या साखळीत कोण असतं आणि कोण नसतं हे आम्ही कुणी कधी बघितलं नव्हतं. आता ती यादी मी आणि ते सहकारी मिळून ठेवतो. एक साधं रजिस्टर: वस्ती, मजला, जिना, नर्मदा की बोरिंग, भाडं, अनामत, मालकाचा नंबर. मार्चमध्ये, बदल्यांचे आदेश निघायच्या आधी, मी प्रत्येक मालकाला फोन करते. बाकी चौकशी झाली की विचारते, आमच्या खात्यातला जो कोणी येईल, नाव काहीही असेल, त्याला घर द्याल ना? पगाराची स्लिप मिळेल, ऑफिसचं पत्र मिळेल, पोलिसांतली नोंद आम्ही करून देऊ. पूर्वी निम्मे मालक इथेच घुटमळायचे. "अच्छी फैमिली हो तो" असं उत्तर आलं की मी विचारते, अच्छी म्हणजे? तिथे जे गप्प होतात त्यांची ओळ मी रजिस्टरातून खोडते. सरकारी भाडेकरू वेळेवर भाडं देतो आणि बदली झाली की जागा सोडतो, हे मालकांनाही माहीत असतं. खोडलेल्यांपैकी दोघांनी नंतर स्वतः फोन करून आपलं नाव परत घालायला सांगितलं. नंदानगरचे मिलवाले काका यादीत अगदी वर आहेत. त्यांच्याकडे सध्या आमच्या खात्यातली श्रीनगरहून आलेली एक मुलगी राहते, आईला घेऊन. ओळखपत्र त्यांनी तिचंही दोन्ही बाजूंनी वाचलं.

आजींच्या पुतणीचं घर येत्या मेमध्ये पुन्हा रिकामं होतंय. परवा जिन्यात आजींनी विचारलं, "तुमच्या त्या वहीत घालतेस का?" मी म्हटलं, घालते, पण तो प्रश्न पुतणीला मी स्वतः फोन करून विचारणार. आजी म्हणाल्या, "विचार बाई." नंबर मी लिहून घेतला आहे.